गिरगावच्या तळमजल्याचं काय?

दक्षिण मुंबईतल्या गिरगावात सध्या कुठल्याही चाळीच्या पुनर्विकासाच्या बैठकीला जाऊन बसा, प्रश्न ठरलेले असतात. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, किती देणार? भाडं किती, आणि किती महिन्यांचं आगाऊ? देखभालीसाठीचा कॉर्पस किती? गाडीला जागा मिळणार का? मग मागून एखादे काका विचारतात, ‘ओसीसकट (पालिकेच्या भोगवटा दाखल्यासकट) ताबा कधी?’ आणि बिल्डरचा माणूस हसून ‘छत्तीस महिने’ म्हणतो. त्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही, तरी चहा येतो आणि विषय पुढे सरकतो. हे प्रश्न रास्त आहेत. दीडदोनशे फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसांनी ते विचारलेच पाहिजेत. पण नकाशाच्या गठ्ठ्यातलं तळमजल्याचं पान सहसा कुणी उघडत नाही. ते उघडून पाहणारे फक्त गाळेवाले, म्हणजे तळमजल्यावरचे दुकानदार, असतात, आणि संमतीच्या मोजणीत त्यांची डोकी इतकी कमी असतात की त्यांनी हात वर केला काय आणि नाही केला काय.

जुन्या मुंबईच्या पुनर्विकासाचा वाद आपण गेली कित्येक वर्षं उंचीवर आणि एफएसआयवर, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधायला मिळतं यावर, घालतो आहोत. चाळीस मजली टॉवर येऊ द्यावा की नाही, गिरगावातला मराठी माणूस टिकेल की नाही, वगैरे. माझ्या मते वस्ती टिकते की मरते याचा निकाल रस्त्याला लागून असलेल्या पहिल्या पंधरा फुटांत लागतो. आणि आपल्या नियमांनी नेमक्या त्याच पंधरा फुटांकडे पाठ फिरवली आहे.

आता हे बोलण्याची वेळ का, तर मेट्रो. आरे ते कफ परेड ही साडेतेहेतीस किलोमीटरची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५मध्ये शेवटपर्यंत सुरू झाली. ज्या भागात आजवर चर्नी रोडला उतरून चालत यायचं किंवा बसची वाट पाहायची एवढाच पर्याय होता, तिथे गिरगाव आणि काळबादेवी अशी दोन स्थानकं थेट वस्तीच्या पोटात उघडली. त्यांच्यासाठी जगन्नाथ शंकरशेठ रस्त्यावरच्या काही इमारती पाडाव्या लागल्या, लोक रस्त्यावर उतरले, आणि शेवटी इथल्या इथेच पुनर्वसन करण्याची जबाबदारी मेट्रो महामंडळाने स्वतःच्या अंगावर घेतली. त्या विस्थापितांत दुकानदारही होते. स्थानक आलं की जमिनीचा भाव चढतो, आणि वर्षानुवर्षं रखडलेल्या फायली अचानक चालायला लागतात. आज ठाकूरद्वार नाक्यावरून मुगभाटाकडे चालत गेलात तर दर काही पावलांवर हिरवी जाळी किंवा पत्र्याचं कुंपण लागतं.

त्या जाळ्यांच्या मधेमधे जे अजून उभं आहे ते जरा थांबून पाहावं. तीन-चार मजली चाळ, वर लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या. खाली रस्त्याला लागून सहा-सात गाळे. एक शिंपी, ज्याच्या पोटमाळ्यावर बसलेल्या कारागिराचे फक्त पाय दिसतात. एक वाणी, जो अजूनही वरच्या दोन-तीन घरांचं सामान वहीवर लिहितो. एक चक्की, दुपारी ती बंद असते तेव्हा दाराशी पिठाचे डबे नाव लिहिलेल्या चिठ्ठ्यांसकट रांगेत उभे असतात. एक इस्त्रीवाला, त्याच्याकडे निम्म्या चाळीच्या किल्ल्या. त्याच्या पलीकडे पत्रिका आणि पावतीपुस्तकं छापणारा, आणि कोपऱ्यावर मिसळ-पियूष. वाडीत आत शिरलात तर एखादं देऊळ, एखादी शिकवणी, एखाद्या बाईचा घरगुती डब्यांचा उद्योग. केळेवाडीत साहित्य संघाचं नाट्यगृह. सकाळी सहाला दूधवाल्यापासून रात्री नाटक सुटेपर्यंत रस्त्यावर कुणी ना कुणी ओळखीचं असतं. हे कुणी आखून केलेलं नाही. माणसं कामाच्या जवळ राहिली आणि काम माणसांच्या जवळ आलं, इतकंच.

या जवळिकीला आर्थिक अर्थ आहे, आणि तो आपण नेहमी हातचा सोडतो. काळबादेवीच्या कोलभाट लेनमध्ये निर्णयसागर छापखाना होता. तिथल्या संस्कृत ग्रंथांच्या आवृत्त्या अभ्यासक आजही हाताळतात. असा छापखाना एकट्याने उभा राहत नाही. त्याला खिळे ओतणारे लागतात, बांधणी करणारे लागतात, मुद्रितं तपासणारे शास्त्रीबुवा चालत येण्याच्या अंतरावर लागतात, आणि या सगळ्यांना परवडेल अशी खाणावळ लागते. झवेरी बाजार, मंगळदास मार्केट, भुलेश्वर यांची गोष्ट वेगळी नाही. सोन्याच्या एका दागिन्यावर ओतकाम, घडाई, जडण, पॉलिश अशी चार हातांची कामं होतात, आणि ते चार हात वेगवेगळ्या जिन्यांवर पण एकाच गल्लीत असतात. त्यांतला एक भिवंडीला आणि दुसरा मीरा रोडला गेला, तर कागदावर सगळ्यांचं पुनर्वसन झालेलं असेल आणि धंदा मात्र मोडलेला असेल.

यावर ‘चाळीच्या आठवणींचे कढ’ असा शेरा येतो, म्हणून हेही लगेच लिहून टाकतो. ज्यांना चाळ फार रम्य वाटते त्यांनी पावसाळ्यात एकदा सामाईक संडासाच्या रांगेत उभं राहावं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठली, मालकाला डागडुजीत रस उरला नाही, आणि १९६९च्या कायद्याने उपकर गोळा करून दुरुस्ती मंडळ नेमलं तरी टेकूंच्या पलीकडे फारसं काही गेलं नाही. तेव्हा बेट-शहरात, म्हणजे उपनगरं सोडून उरलेल्या जुन्या मुंबईत, एकोणीस हजारांहून अधिक उपकरप्राप्त इमारती होत्या. आज तेरा हजारांच्या आसपास उरल्या आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून तेहेतीस माणसं गेली. २०१९च्या जुलैत डोंगरीत पुन्हा तेच. या इमारती पाडायला हव्यात, आणि लवकर पाडायला हव्यात. पाडण्याच्या बाजूने इतका भक्कम मुद्दा असताना जागेवर काय बांधायचं याचा विचार करायला कुणाला सवड नसते, ही खरी अडचण आहे.

काय बांधलं जातं, ते पाहू. उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) कलमाखाली होतो. त्यात राहत्या भाडेकरूला किमान तीनशे चौरस फूट कार्पेट मिळतं. खोली एकशेसाठची असली तरी. बिगरनिवासी भाडेकरूला मात्र जितकी जागा होती तितकीच. नव्वद फुटांचा शिंपी नव्वद फुटांतच राहतो. पोटमाळा मोजणीत धरायचा की नाही यावर वाद होतो, आणि हा वाद सहसा शिंपी जिंकत नाही. बरं, तेही मान्य करू. पण धंदेवाल्यासाठी चौरस फुटांपेक्षा मोलाची वस्तू म्हणजे दर्शनी बाजू. आठ फूट रस्त्याला लागून आणि अकरा फूट खोल असा गाळा, आणि मागच्या बाजूला जिन्याखाली अकरा बाय आठचा गाळा, हे नियमाच्या लेखी एकच. पहिल्यात इस्त्रीवाला जगतो, दुसऱ्यात गोदाम होतं.

दर्शनी बाजू जाते कुठे? सगळीच बिल्डर खातो असं नाही. नव्या इमारतीला गाड्यांसाठी उतार लागतो, अग्निशमन दलाची गाडी वळेल एवढी मोकळी जागा लागते, बेस्टचं सबस्टेशन लागतं, मीटरची खोली लागते, पाण्याच्या टाक्या लागतात, पुनर्वसितांची एक लॉबी आणि विक्रीच्या घरांची वेगळी, चकचकीत लॉबी लागते. गिरगावातले भूखंड अरुंद आणि खोल. सगळं बसवल्यावर रस्त्याकडच्या बाजूला जे दहा-पंधरा मीटर उरतात, त्यांत गाळ्यांचा नंबर शेवटचा. त्यातही जी उत्तम जागा असेल तिचा दर इमारतीत सर्वांत चढा, म्हणून ती बँकेला, औषधांच्या साखळी दुकानाला किंवा ज्वेलरला विकायची. हे व्यापारी गणित आहे आणि त्यात पाप काही नाही. पण गणिताची मांडणी नियमांनी केली आहे, आणि नियम बदलता येतात.

पार्किंगचंच घ्या. नियमावलीप्रमाणे ४५ चौरस मीटरपर्यंतच्या चार घरांमागे एक गाडी, आणि ९० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रत्येक घरामागे दोन गाड्यांची सोय करावी लागते. म्हणजे जितकी श्रीमंत घरं विकाल तितके पार्किंगचे मजले वाढणार. हे मजले एफएसआयमध्ये धरले जात नाहीत. बिल्डरला ते पथ्यावरच पडतं, कारण त्यांच्यावर रचलेलं पहिलं विक्रीचं घरसुद्धा आजूबाजूच्या छपरांच्या वर जातं आणि चौपाटीकडचा समुद्र जाहिरातीत दाखवता येतो. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला मात्र पाच-सहा मजले नुसती जाळीची भिंत दिसते. ज्या गॅलरीतून आई पोराला ‘वर ये’ म्हणून हाक मारायची, तिथे आता गाड्या उभ्या राहणार. आणि हे सगळं भुयारी मेट्रोच्या स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर! हजारो कोटी खर्चून लोकांना गाडीविना फिरता यावं म्हणून रेल्वे बांधायची, आणि तिच्या तोंडाशी गाड्यांची सक्ती करायची, याला काय म्हणावं?

‘पण नव्या प्रकल्पांत मिश्र वापर असतोच की, घरं आणि धंदे एकत्र,’ असं कुणी म्हणेल. असतो. लोअर परळला आहे तसा. गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१च्या नियमावलीत तिहेरी वाटणी होती: एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, बाकी मालकाला. २००१मध्ये दुरुस्ती करून ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती केली, आणि सार्वजनिक वाटा चिमूटभर उरला. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. पुढे तिथे कार्यालयं आली, मॉल आले, हॉटेलं आली, टॉवर आले. नकाशावर पाहिलं तर मिश्र वापराचा आदर्श नमुना. प्रत्यक्षात प्रत्येक गिरणीची भिंत तशीच राहिली, आतला माल तेवढा बदलला. भिंतींच्या आत प्रशस्त रस्ते आणि बाहेर तीच चिंचोळी गल्ली, तोच जुना पूल. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस जण मेले. बरोबर तीन महिन्यांनी कमला मिलमधल्या आगीत चौदा. या दोन्ही घटनांची तांत्रिक कारणं वेगवेगळी आहेत, हे मला ठाऊक आहे. तरी हजारो माणसांना रोज कामाला आणि जेवायला बोलावणारा भाग बांधताना दाराबाहेरचं सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात टाकलं गेलं, हे दोन्हींत सारखं. परळमध्ये वापर मिसळले, माणसं मिसळली नाहीत. डबेवाल्याला टॉवरच्या गेटवर नाव लिहावं लागतं आणि ऑफिसातल्या पोराला वडापाव खायला रस्ता ओलांडून जावं लागतं.

आता विरोधातला सर्वांत खरा मुद्दा, आणि तो बिल्डरचा नाही, आपल्याच लोकांचा आहे. नव्या इमारतीत गाळे नकोत, असं रहिवासीच म्हणतात. करारनाम्यांत ‘खाद्यपदार्थ शिजवण्याच्या व्यवसायास मनाई’ असं कलम ते आग्रहाने घालून घेतात. चाळीस वर्षं खालच्या भजीचा वास सोसलेल्या माणसाला हे कलम म्हणजे मुक्ती वाटते, आणि त्यात मी त्याला दोष देणार नाही. शिवाय वासापेक्षा गंभीर गोष्टी आहेत. मे २०१५मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले. दागिन्यांच्या कारखान्यांत गॅसच्या टाक्या असतात, आम्लाच्या वाफा असतात, आणि बेकायदा चिमण्या राहत्या घरांच्या खिडक्यांशेजारून वर जातात. त्यांवर महापालिका अधूनमधून कारवाई करते आणि त्या पुन्हा उगवतात. वर पाळण्यात मूल आणि खाली भट्टी, असा मिश्र वापर कुणालाच नको.

पण यातून निघणारा निष्कर्ष ‘धंदा हटवा’ असा नाही. कोणता धंदा कुठे, हे ठरवा. शिंपी, वाणी, चक्की, छपाई, शिकवणी, दवाखाना यांना रस्त्यालगत जागा द्या. भट्टी आणि आम्लाच्या कामांसाठी त्याच परिसरात वेगळी, धूर वरपर्यंत नेणारी नळी आणि आग विझवायची व्यवस्था असलेली इमारत बांधा. स्वयंपाकाच्या धुराड्यासाठी नव्या इमारतीत पहिल्यापासून उभी वाहिनी ठेवली तर वरच्या माणसाला भजीचा वास येत नाही. तयार इमारतीत ती नंतर ठोकावी लागते म्हणून भांडणं होतात. मॉलमधल्या उपाहारगृहांसाठी ही सोय बिनबोभाट केली जाते. मिसळवाल्यासाठीच ती अशक्य कशी होते?

मोठे भूखंड एकत्र करून समूह पुनर्विकास करणं हा यावरचा सरकारी उपाय, नियमावलीचं ३३(९) कलम. बेट-शहरात किमान चार हजार चौरस मीटर जमीन आणि चार एफएसआय. भेंडीबाजारात दाऊदी बोहरा समाजाच्या सैफी बुरहानी न्यासाने २००९पासून हाती घेतलेला प्रकल्प याचं सर्वांत मोठं उदाहरण: साडेसोळा एकर, सुमारे अडीचशे इमारती, बत्तीसशे कुटुंबं आणि साडेबाराशे दुकानं. पहिले दोन टॉवर २०२०मध्ये पुरे झाले. तिथे दुकानांची गिनती घरांइतक्याच गांभीर्याने झाली, कारण प्रकल्प करणारा न्यास ज्या समाजाचा, तोच समाज दुकानात बसतो. नफ्यापलीकडे पाहणारं कुणीतरी मधोमध होतं. गिरगावात असं कुणी नाही. इथे प्रत्येक चाळीचा मालक वेगळा, बिल्डर वेगळा, वकील वेगळा. चार हजार मीटर जुळवता जुळवता माणसं म्हातारी होतात. त्यामुळे समूह पुनर्विकास होईल तेव्हा होईल, तोवर एकेका भूखंडावर जे उभं राहतंय त्याचं काय करायचं ते सांगा, असं मी म्हणेन.

माझ्या मागण्या फार नाहीत, आणि त्यांतल्या कशालाही बाहेरून सल्लागार आणावा लागत नाही. म्हाडा भाडेकरूंची यादी प्रमाणित करते तेव्हा गाळ्याच्या क्षेत्रफळाबरोबर त्याची दर्शनी लांबीही मोजून लिहावी, आणि नव्या इमारतीत तेवढी लांबी, त्याच रस्त्यावर, देणं बंधनकारक करावं. शंकरशेठ रस्ता, काळबादेवी रस्ता, खाडिलकर रस्ता अशा मोजक्या रस्त्यांवर तळमजल्याचा दोन तृतीयांश दर्शनी भाग दुकानांचाच असेल, आणि पहिल्या दोन मजल्यांवर रस्त्याच्या बाजूला गाड्या दिसणार नाहीत, असं ठरवावं. मेट्रो स्थानकापासून पाचशे मीटरच्या आत पार्किंगची किमान अट काढून कमाल मर्यादा घालावी. ज्याला गाडी हवी त्याने तिची पूर्ण किंमत मोजावी.

मधल्या काळाचाही प्रश्न आहे. रहिवाशाला भाडं मिळतं, तो बोरिवलीला किंवा डोंबिवलीला जाऊन राहतो आणि परत येतो. दुकानाला भाडं देऊन काय होणार? गिऱ्हाईक तीन-चार वर्षं थांबत नाही. महापालिकेच्या मंडयांमधले रिकामे ओटे, मेट्रोच्या कामासाठी घेतलेल्या आणि आता सुटलेल्या पट्ट्या, शाळांच्या रस्त्याकडच्या भिंती, अशा ठिकाणी तात्पुरते गाळे देता येतील. चालत दहा मिनिटांच्या आत, म्हणजे गिऱ्हाईक तुटत नाही.

देखभालखर्चाचं कोडं मात्र मला पुरतं सुटलेलं नाही. पागडीच्या गाळ्याला महिन्याला काहीशे रुपये देणाऱ्याला नव्या इमारतीत लिफ्ट, सुरक्षारक्षक, जनरेटर आणि विक्रीच्या टॉवरच्या बागेचाही हिस्सा मागितला जातो. लिफ्टने कधी वर न जाणाऱ्या चक्कीवाल्याने लिफ्टचे पैसे का भरायचे? वेगळं खातं, वेगळा कॉर्पस, हे सुचवायला सोपं आहे. पण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गाळेवाले पुन्हा अल्पमतातच असतात. आणि ज्यांच्या नावावर पावतीच नाही, ते तर या चर्चेत कुठेच नाहीत: पोटमाळ्यावर झोपणारा कारागीर, पायरीवर बसून छत्र्या दुरुस्त करणारा, संध्याकाळी फूटपाथवर गजरे विकणारी. त्यांना मालकी हक्क कुठल्याही नियमात बसवता येणार नाही. फूटपाथ रुंद ठेवला आणि पायरी काढून तिथे काचेची भिंत उभी केली नाही, तर निदान बसायला जागा राहील.

यातलं जे काही करायचं ते म्हाडाची एनओसी आणि पालिकेची पहिली मंजुरी यांच्या दरम्यान करावं लागेल. बांधकामाची सीसी, म्हणजे काम सुरू करण्याचा परवाना, एकदा हातात पडली की खांबांच्या जागा ठरतात, उतार कुठून खाली जाणार ते ठरतं, सबस्टेशन कुठे बसणार ते ठरतं. त्यानंतर गाळेवाल्याने कितीही अर्ज केले तरी त्याच्या वाट्याला दोन खांबांच्या मधली उरलेली जागाच येते. संमतीसाठी एक्कावन्न टक्के सह्या लागतात, आणि त्या गोळा होण्याआधी तळमजल्याचं ते पान चाळीच्या नोटीस बोर्डावर, मोजमापांसकट, मराठीत लावलं गेलं पाहिजे. एवढी अट घालायला कायदासुद्धा बदलावा लागणार नाही. म्हाडाचं एक परिपत्रक पुरे.